सीटखालचा पाईप

देवराव मिस्त्री सुपारी खात नसे, तंबाखू नाही, पान तर कधीच नाही. पण त्याच्या हाताशी सदैव एक भलामोठा अडकित्ता असे. गॅरेजात नवा आलेला माणूस तो अडकित्ता बघून हात पुढे करायचा, ‘‘मिस्त्री, एक खांड द्या न.’’ देवराव रबरी पाईपाचा एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

अडकित्ता पेट्रोलचे पाईप कापायला होता. करवतीनं कापलं की रबराचा भुसा आत राहतो आणि इंजेक्टरात जाऊन बसतो. ब्लेडनं कापलं की तोंड तिरपं होतं. अडकित्ता एकदाच दाबायचा आणि सरळ कापायचं, असं त्याचं शास्त्र. गाडीतून काढलेल्या जुन्या पाईपाचेही तो त्याच अडकित्त्यानं बोटाबोटाएवढे तुकडे करून डब्यात टाकी. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत शेतकरी जुने पाईप मागत गॅरेजोगॅरेज हिंडतात. देवरावनं कोणाला कधी दिला नाही. ‘‘आज फवारनीच्या पंपाले लावशीन, उद्या मोटरसायकलले लावशीन,’’ म्हणायचा. ‘‘अन् परवा तुही बायको माह्या दारात येऊन रडीन.’’ माणूस चिडून निघून जाई. देवरावच्या गॅरेजातून चिडून न गेलेला माणूस हिंगणघाटात सापडणं कठीण. मी तर आजही चिडलेलाच आहे, आणि कशावरून ते पुढे येईलच.

मी सातवीत शाळा सोडली. जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलली, मग हातगाडी ओढली, मग ऑटो चालवला, आणि त्या ऑटोवर ही जुनी पेट्रोल व्हॅन घेतली. मला कोणी बोट धरून वर आणलेलं नाही. भाव केल्याशिवाय मी आजवर मिठाची पुडीसुद्धा घेतलेली नाही, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. समोरचा दुकानदार एकदा घाम पुसायला लागला की मला कळतं, आता हा खाली येणार. देवरावला घाम यायचा नाही. तो आकडा एकदाच सांगे. मी निम्म्यावर यायचो, तो नट साफ करत राहायचा. मी दुसऱ्या गॅरेजचं नाव घ्यायचो, तो म्हणायचा, ‘‘चांगला मानूस हाये तो. जाय.’’ मी रागानं गाडी सुरू करायचो, चौकापर्यंत जायचो आणि परत यायचो. माझ्या आयुष्यात एवढे पराभव दुसऱ्या कोणी केले नाहीत.

परत का यायचो, तर त्याच्या नाकासाठी. तरुणपणी देवरावही जिनिंगमध्येच होता, गाठी बांधायच्या प्रेसवर. कापसाची गाठ आतून जळते. बाहेरून पांढरीशुभ्र, हात लावला तर थंड, आणि पोटात ठिणगी धुमसत असते. तिथं देवरावचं काम रात्रपाळीच्या आधी गाठींमधून वास घेत फिरायचं होतं. पुढे ते काम सुटलं, नाक राहिलं. गाडी दारात येऊन उभी राहिली की तो बॉनेट किंवा सीट उचलायच्या आधी नुसता उभा राहून हवा ओढायचा. लोक हसायचे. ‘‘मिस्त्री, भज्याचा वास येते का?’’ देवराव म्हणायचा, ‘‘येते. पन तुह्या गाडीतून पेट्रोलचा येते.’’

त्याच्या शेडमध्ये काडेपेटी चालत नसे. दसऱ्याला सगळ्या गॅरेजांत हत्यारांची पूजा होते, धूप-उदबत्तीनं डोळे चुरचुरतात. देवराव पान्यांना झेंडू वाहायचा, नारळ फोडायचा, उदबत्ती नुसती खोचून ठेवायचा. न पेटवलेली. मी एकदा विचारलं, ‘‘मिस्त्री, देवाले कसं समजन?’’ म्हणाला, ‘‘त्याले नाक नाई का?’’ एका पुढाऱ्याची गाडी त्याच्याकडे दुरुस्तीला होती. पुढाऱ्याचा माणूस देखरेखीला आला आणि शेडमध्ये उभं राहून त्यानं सिगारेट पेटवली. देवराव उठला, दार उघडून स्टिअरिंगला हात घातला, आणि अर्धवट उघडलेली ती गाडी एकट्यानं ढकलत रस्त्यावर नेऊन उभी केली. भर चौकात. मग येऊन स्टुलावर बसला. तो माणूस ओरडत होता, ‘‘साहेब कोन हायेत माहीत हाये का?’’ देवराव म्हणाला, ‘‘माहीत हाये. म्हनून बाहेर काढली. साहेब जरा मोठे हायेत, शेड लहान हाये.’’

सगळ्यांत चीड आणणारी रीत म्हणजे काम झाल्यावरची. पाईप बदलला की तो किल्ली अर्धीच फिरवायचा, म्हणजे इंजिन सुरू न होता टाकीतला पंप नुसता घुंइंइं करून दाब भरायचा. असं दोन-तीनदा. मग वर्तमानपत्राचा कागद प्रत्येक जोडावर दाबून बघायचा, कागदावर ओल उमटते का. आणि मग गाडीच्या मालकाला आत बसवायचा. काचा वर, दारं बंद, इंजिन सुरू. पंखा नाही, गाणी नाही. ‘‘वास घे,’’ म्हणायचा आणि बाहेर उभा राहायचा. सावकार असो की तलाठी, सगळे त्या डब्यात घामानं निथळत बसलेले मी पाहिले आहेत. ‘‘तुमी काऊन नाई बसत?’’ विचारलं तर म्हणायचा, ‘‘गाडी माही हाये का?’’

आता व्हॅनबद्दल. माझी व्हॅन इंजेक्शनवाली. या गाडीत कार्बोरेटर नसतो, टाकीतला पंप पेट्रोल चांगल्या दाबानं पुढे ढकलतो. आणि इंजिन पुढच्या सीटच्या खाली. म्हणजे तो दाबाचा पाईप जातो बसणाऱ्याच्या बुडाखालून. देवराव हे प्रत्येक व्हॅनवाल्याला सांगायचा, आणि बायाबापड्या समोर असल्या तरी तो शब्द बदलायचा नाही.

त्या व्हॅनवर मी पेशंट नेण्याचं काम धरलं होतं. हिंगणघाटहून सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं, थांबायचं, परत आणायचं. माझं सगळ्यांत पक्कं गिऱ्हाईक म्हणजे इंगोले सर. गणिताचे शिक्षक, निवृत्त झालेले. किडनी गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पुढच्या सीटवर त्यांना पाय लांब करायला जरा बरं पडे म्हणून ते तिथं बसत, मागे काकू. आणि गावात प्रमोद नावाचा दुसरा एक गाडीवाला होता, एसीवाला, गोड बोलणारा, जो वर्षभर सरांच्या घरी सणावाराला नमस्कार करायला जात होता. तो नमस्कार कशासाठी होता ते मला समजत होतं.

मे महिना होता. सरांची मधली एक पाळी पुतणीच्या लग्नात हुकली होती. सकाळी मी घ्यायला गेलो तेव्हा सरांचे पाय सुजलेले, चप्पल चढत नव्हती, आणि चार पावलं चालून ते भिंतीला धरून उभे राहिले. आज नंबर गेला की मशीन दुसऱ्याला, मग कधी ते सांगता येत नाही. काकूंच्या तोंडचं पाणी पळालेलं.

पंपावर पेट्रोल भरून निघालो. काकू म्हणाल्या, ‘‘बंडू, पेट्रोलचा वास येऊन राह्यला रे.’’

‘‘आत्ताच भरलं न काकू. त्याचाच.’’

जरा पुढे गेल्यावर सर म्हणाले, ‘‘बंडू, पंप मागे राहिला. वास सोबत कसा येऊन राहिला?’’

सरांना एवढं एक वाक्य बोलायला मध्ये दोनदा थांबावं लागलं. देवरावची शेड रस्त्यावरच होती. मी म्हटलं, दोन मिनिटं. क्लिप ढिली झाली असेल, आवळून घेऊ. गाडी लावली, इंजिन बंद केलं. देवराव आला, आपल्या सवयीनं उभा राहिला आणि हवा ओढली. पुढच्याच क्षणी त्यानं सरांच्या बाजूचं दार उघडलं.

‘‘उतरवा सरले.’’

‘‘मिस्त्री, सरले कशाले उतरवता, त्यायची तब्येत...’’

‘‘उतरवा म्हनतो न.’’

आम्ही दोघांनी सरांना धरून खाली घेतलं, शेडबाहेर सावलीत खुर्चीवर बसवलं. देवरावनं सीट उचलली, हात आत घातला आणि बाहेर काढला. बोटं ओली होती. मग तो ड्रायव्हरच्या बाजूनं आला, स्टिअरिंगखालची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

‘‘किल्ली द्या, मिस्त्री.’’

‘‘नाई.’’

‘‘क्लिप आवळा. दोन मिनिटाचं काम हाये.’’

‘‘आंधी कोनं आवळली होती?’’

‘‘म्या. सकाळीच.’’

‘‘दिसते. पाईपात घुसली हाये दातांची क्लिप. आनखी आवळली त पाईप कटते.’’

‘‘सेवाग्रामले जाऊ द्या. आल्याबरोबर गाडी इथं लावतो. आईची शपथ.’’

‘‘त्या सीटवर आईले बसव, मंग शपथ खाय.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण सर समोर बसलेले, छाती भात्यासारखी हलत होती, म्हणून मी गिळलं. डॅशबोर्डातून मी नवा पाईप आणि क्लिपा काढल्या. नागपूरच्या दुकानातून घेतलेल्या, दुकानदाराला रडकुंडीला आणून. ‘‘हे घ्या. नवा हाये. लावा अन् मोकळं करा.’’

देवरावनं पाईप उन्हात धरला, त्यावरची बारीक अक्षरं वाचली, दोन बोटांत वाकवला. ‘‘कारबोरेटरचा हाये. याच्यात नुसतं पेट्रोल वाह्यते, दाब सोसत नाई.’’ आणि अडकित्ता उचलून माझ्यादेखत त्यानं त्या पाईपाचे तुकडे केले. एक, आणखी एक, आणखी एक. कोरा पाईप. माझा.

मी त्याची कॉलर धरली.

आता लोक म्हणतात की बंडूनं मिस्त्रीला मारलं. मी मारलं नाही. कॉलर धरली. ‘‘मानूस मरते तिकडे, अन् तुमी पाईप चिरता?’’ मी म्हणालो. सगळा रस्ता ऐकत होता. काकू रडायला लागल्या. सर म्हणाले, ‘‘बंडू... सोड.’’ देवरावनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरांकडे बघत होता. माझ्या मुठीत त्याची कॉलर तशीच असताना त्यानं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि म्हणाला, ‘‘प्रमोद, इंगोले सरले सेवाग्रामले न्याचं हाये. आत्ता. एसी चालू करूनच ये.’’

प्रमोद!

गावात ऑटो नव्हते? दुसऱ्या गाड्या नव्हत्या? मला बाजूला घेऊन विचारता आलं नसतं, की बंडू, कोणाला बोलावू? प्रमोद आला, पडदे लावलेली गाडी घेऊन. सरांच्या पायाला हात लावला, काकूंची पिशवी उचलली, मला म्हणाला, ‘‘टेन्शन नको घेऊ भौ, मी हावो न.’’ काकूंनी जाताना माझ्याकडे वळून पाहिलं नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती लहान नाही. पाईप खराब असेल. मी कुठं नाही म्हणतो? पण माझ्या गाडीची किल्ली, माझ्या गिऱ्हाइकासमोर, आणि वर फोन प्रमोदला.

मी म्हणालो, ‘‘आता लवकर करा. सर बाहेर यायच्या आत मले तिथं उभं राह्यचं हाये.’’ मला ठाऊक होतं, परतीलाही सर प्रमोदच्या गाडीत बसले की ते गिऱ्हाईक गेलं. देवराव म्हणाला, ‘‘इंजिन थंडं होऊ दे.’’

तो कशालाच घाई करत नसे, त्या दिवशीही केली नाही. वाळूची बादली जवळ आणून ठेवली. पंपाचा फ्यूज काढला, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पाईपातला दाब उतरला. बॅटरीची तार सोडली. मग थांबला. मी येरझारा घालत होतो, तो पाण्याचा ग्लास घेऊन बसला. मग त्यानं लोखंडी पेटीतून गोणपाटात गुंडाळलेलं पाईपाचं वेटोळं काढलं, जाड, आतून गुळगुळीत, आणि त्याच्या त्या खास क्लिपा, आतून सपाट, कडा बाहेर वळवलेल्या, रबराला न चावणाऱ्या. टाकीकडून येणाऱ्या नळीपासून इंजेक्टरच्या दांडीपर्यंत एकूण एक जोड त्यानं बदलला. माझी क्लिप सोडवताना ती बाहेर येईना. पाईपासकट फिरत होती. ‘‘हात जोराचा हाये तुहा,’’ म्हणाला. तेवढंच.

मग किल्ली अर्धी फिरवणं. मग कागद. मग मला आत बसवून काचा वर. बाहेर ऊन असं की पत्रा हाताला चटका देत होता. मी आत बसलो आणि त्याच्याकडे काचेतून बघत राहिलो, तो माझ्याकडे. वास आला नाही. खरंच नाही आला.

मी काच खाली करून म्हणालो, ‘‘निघतो.’’ देवरावनं पान्यांची पिशवी घेतली आणि मागच्या सीटवर येऊन बसला.

‘‘कुठं?’’

‘‘गरम इंजिनवर रबर नरम पडते. एकदा रस्त्यावर पाहा लागते. नेहमी मानसाले दुसऱ्या दिवशी बोलावतो. तुले वेळ नाई.’’

गाडी त्याची नव्हती. तरी तो बसला. वायगावच्या जवळ त्यानं मला गाडी बाजूला घ्यायला लावली. सीट उचलली, कागद लावला, दोन क्लिपा अर्धा-अर्धा आटा आवळल्या, पुन्हा कागद लावला. ‘‘चाल.’’ एवढ्या रस्त्यात आम्ही एकमेकांशी एवढंच बोललो. माझ्या मनात मात्र मी त्याच्याशी सारखा बोलत होतो. एकेक शब्द घासून ठेवत होतो. परत येताना सर आणि काकूंसमोर त्याला ऐकवायचं होतं, जसं त्यानं मला त्यांच्यासमोर खाली पाहायला लावलं तसंच.

दवाखान्याच्या फाटकाशी प्रमोदची गाडी उभीच होती, इंजिन सुरू. मी माझी शेजारी लावली. बऱ्याच वेळानं काकू सरांना चाकाच्या खुर्चीत घेऊन आल्या. सरांचा चेहरा उतरलेला, पण श्वास सरळ चालत होता. प्रमोदनं दार उघडलं. ‘‘या काकू, थंडगार केली हाये.’’

मीही दार उघडलं. घासाघीस मला येते, पण तिथं काय बोलायचं ते सुचलं नाही.

काकू दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. मग त्यांनी देवरावला पाहिलं. ‘‘मिस्त्री, तुमी इथं?’’

‘‘पाईप बदलला. बसून आलो.’’

‘‘खरं सांगा. यायले बसवू का याच्या गाडीत?’’

देवराव ‘गॅरंटी’ हा शब्द कधी तोंडातून काढत नसे. किती गिऱ्हाइकांनी डोकं फोडलं, नाही म्हणजे नाही. ‘‘आजचं सांगतो, उद्याचं रबरले विचार,’’ म्हणायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माझं सगळं त्याच्या एका शब्दावर आलं होतं आणि त्याची कॉलर मी सकाळीच धरलेली होती.

‘‘मी माह्या लेकीले बसवीन,’’ तो म्हणाला. ‘‘नातवासकट.’’

काकूंनी खुर्ची माझ्या गाडीकडे वळवली. प्रमोद म्हणाला, ‘‘काकू, एवढ्या उन्हात?’’ सर हळूच म्हणाले, ‘‘मशीनवरून उठलं की थंडीच वाजते मला.’’ आणि पुढच्या सीटवर, त्याच सीटवर, बसले.

गिऱ्हाईक पूर्ण परत आलं असं नाही. आठवड्यातल्या दोन पाळ्यांपैकी एक पुढे प्रमोदकडेच गेली, त्याला रिकामं परत पाठवल्याची काकूंना लाज वाटली असावी. ती अजून तिकडेच आहे. त्या दिवसानंतर मी देवरावकडे गेलो नाही, आणि दिवाळीच्या आत तो लेकीकडे चंद्रपूरला निघून गेला. शेडमध्ये आता मोबाईलची कव्हरं विकतात. तेव्हा त्या परतीच्या वाटेवर दिसला तोच शेवटचा.

वर्धा मागे पडल्यावर मी घसा साफ केला. सगळं ठरवून ठेवलेलं होतं. किल्लीपासून सुरुवात करायची, मग पाईप, मग प्रमोद. ‘‘मिस्त्री,’’ मी म्हणालो, ‘‘एक गोष्ट सांगा मले.’’

मी आरशात पाहिलं. आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी सगळी गॅरेजं आडवी होतात. देवरावनं पाठ टेकलेली मात्र मी कधी पाहिली नव्हती. आता तो मागच्या सीटवर मान टाकून, तोंड उघडं ठेवून, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन गाढ झोपलेला होता. रस्ता खराब होता, डोकं काचेवर आपटत होतं, तरी झोपलेला. नाकसुद्धा झोपलेलं.

‘‘काय म्हणत होतास, बंडू?’’ सरांनी विचारलं.

‘‘काही नाही, सर.’’

काकूंनी शेजारून वाकून त्याच्या डोक्याखाली आपली पिशवी सरकवली. मी गाडी जरा हळू केली, आणि त्याची शेड येईपर्यंत जे काही बोलायचं होतं ते पुन्हा एकदा पहिल्यापासून मनातल्या मनात जुळवत राहिलो.